एलिझाबेथचा प्रश्न

१६४१ मध्ये देकार्तचा ‘मेडिटेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विचार करणारे मन व जागा व्यापणारे शरीर ही दोन भिन्न द्रव्ये ठरली. १६४३ च्या मे महिन्यात हेग येथे निर्वासित जीवन कंठणाऱ्या बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने त्याला पत्रातून विचारले, की जागाच न व्यापणारे मन शरीराला हलविते कसे? मन-शरीरांचे ऐक्य तर्कापेक्षा नित्याच्या अनुभवातच उमगते, असे देकार्तने कळविले. तिचे समाधान झाले नाही.

हा प्रश्न नीतीचाही आहे. कारण शरीरावर मनाचा अधिकारच नसेल, तर कृतीची जबाबदारी कोणाची? १६७७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’मध्ये स्पिनोझाने मन व शरीर हे एकाच द्रव्याचे आविष्कार मानले, मात्र कृतींमागील कारणे ठाऊक नसल्यामुळेच माणूस स्वतःला स्वतंत्र समजतो, असेही बजावले. कांटने १७८८ च्या ‘व्यावहारिक बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात वेगळी वाट धरली. निसर्गात सारे कार्यकारणबद्ध असले, तरी कर्तव्याची जाणीव माणसाला त्याच्या स्वातंत्र्याची ओळख पटविते, असे तो म्हणतो. जबाबदारी त्याने अशी राखली. परंतु मन शरीराला कसे हलविते, हे त्यानेही सांगितले नाही.

एलिझाबेथने तत्त्वज्ञानावर एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. तरीही आधुनिक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला तिची पत्रे टाळता येत नाहीत.