पाळण्यात न दिसलेलं

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. पण आईने गरोदरपणी गांजा ओढला असेल, तर त्याचा परिणाम पाळण्यात दिसेलच असं नाही. हे कळायला बरीच वर्षं लागली. आज ती हकिगत ऐकू या.

कॅनडाची राजधानी ओटावा. तिथे १९७८ साली पीटर फ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी गरोदर बायकांना विचारायला सुरुवात केली : तंबाखू, दारू, गांजा यातलं काय घेता, किती घेता? मग त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली. पहिली दोन वर्षं फारसा फरक दिसला नाही. चौथ्या वर्षी मात्र, ज्यांच्या आया जवळपास रोज गांजा ओढत होत्या, ती मुलं बोलण्यात आणि लक्षात ठेवण्यात थोडी मागे पडलेली दिसली. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात अशीच पाहणी झाली. तिथे दहाव्या वर्षी अशा मुलांमध्ये चंचलपणा जास्त आढळला, त्यांचं चित्त एका जागी ठरत नव्हतं.

जमैका बेटावरून मात्र वेगळी बातमी आली. तिथल्या खेड्यांतल्या काही बायका ओकाऱ्यांवर उपाय म्हणून गांजाचा काढा घेत. मेलनी ड्रेहर यांनी १९९४ साली लिहिलं, की त्यांची महिन्याची बाळं इतरांपेक्षा कमी नव्हती, उलट थोडी सरसच होती. मग गांजा चांगला का? तसं ड्रेहरबाईंनीही म्हटलं नाही. त्या आया जास्त शिकलेल्या होत्या, त्यांच्या हातात स्वतःचा पैसा होता, त्याचा तो गुण, असं त्यांनी सांगितलं. शिवाय दोन्हीकडची मिळून बाळं पन्नासही नव्हती.

दुधाचं काय? १९८२ साली अमेरिकेत गांजा ओढणाऱ्या दोन आयांचं दूध तपासलं. दोघींच्या दुधात गांजाचा अंश सापडला. दिवसातून अनेकदा ओढणाऱ्या आईच्या दुधात तर तो तिच्या रक्तातल्यापेक्षा आठपट होता. कारण हा अंश चरबीत मुरतो आणि दुधात चरबी असतेच. पुढे २०१८ सालच्या तपासणीत तो सहा दिवसांनंतरही दुधात आढळला. गरोदरपणी हाच अंश वारेतून गर्भापर्यंत पोचतो. तेव्हा बाळाचा मेंदू घडत असतो.

गांजा ओढणाऱ्या प्रत्येक आईचं मूल मागे पडतं, असं कुठल्याच पाहणीने म्हटलेलं नाही. अशा बाळांचं वजन मात्र जन्मतः कमी भरण्याचा संभव जास्त असतो.

शिवरात्रीची भांग आणि धुळवडीची भांग घातलेली थंडाई यांतही हीच नशा असते. म्हणून दिवस गेल्यापासून बाळ अंगावर पिणं सोडेपर्यंत हे सगळं दूरच ठेवावं. कुणाला सवय असेल तर तिला नावं ठेवू नका. तिच्यासोबत आशाताईकडे किंवा नर्सबाईकडे जा. आणि भीतीपोटी तिने परस्पर अंगावरचं दूधही तोडू नये, आधी विचारावं.

“आम्ही घेतली, आमच्या पोरांना काय झालं?” असं कुणी म्हटलंच, तर ओटावाची गोष्ट सांगा. तिथेही दोन वर्षं फारसं काही दिसलं नव्हतं.