शुगर कुकी : खायची की ठेवायची?

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्यातील बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत चांदण्या, घंटा आणि हिरवी झाडे मांडलेली दिसू लागतात. मैदा, लोणी व साखर यांच्या बिस्किटावर साखरेच्याच लेपाने रंगकाम केलेली ही ‘शुगर कुकी’. आपल्याकडे ती आली नाताळची म्हणून; परंतु आता बारसे, वाढदिवस, डोहाळजेवण अशा घरगुती समारंभांतही तिचा शिरकाव झाला आहे. बाळाच्या झबल्याच्या आकाराची, वधूवरांची नावे लिहिलेली, अंगठीचे चित्र काढलेली कुकी पाहुण्यांच्या हाती ठेवली जाते. ज्या समारंभाचे नावच साखरपुडा, तेथे ती उपरी वाटू नये, हेही खरेच.

या कुकीची चव मुद्दामच साधी असते. तिच्यात ना सुका मेवा, ना मसाला. व्हॅनिला किंवा लिंबाची किसलेली साल एवढाच काय तो सुवास. कारण तिला पाटीचे काम करायचे असते. कापलेला आकार भट्टीत जसाच्या तसा राहावा, पृष्ठभाग सपाट व्हावा आणि त्यावर लिहिता यावे, या तीन अपेक्षा तिने पुऱ्या करायच्या. आपल्या नानकटाईशी तुलना केली की हे चटकन ध्यानात येते. नानकटाईतही मैदा, साखर आणि स्निग्ध पदार्थ हेच मुख्य घटक. दिवाळीपूर्वी साहित्य घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी आणायची, ही आठवण शहरांतील अनेक कुटुंबांत अजून ताजी आहे. पण नानकटाईने फुगावे, पसरावे आणि वरून तडकावे, यातच तिची शोभा असते. तडकलेल्या नानकटाईवर कोणाचे नाव लिहिता येत नाही.

‘कुकी’ हा शब्द ‘लहान केक’ या अर्थाच्या ‘कुक्ये’ या डच शब्दावरून अमेरिकी इंग्रजीत आला. १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झालेले अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे अमेरिकी लेखिकेने लिहिलेले पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्यात नाताळच्या कुकीची एक कृती आहे. तीन पौंड पीठ, दीड पौंड साखर, एक पौंड लोणी, दुधात विरघळवलेला, आपल्या पापडखाराच्या कुळातला एक खार आणि चहाचा कपभर धण्यांची बारीक पूड! लोण्याचे प्रमाण आजच्या मानाने बरेच कमी असल्याने ही कुकी सुरुवातीला टणक होत असणार. लेखिकेलाही ते ठाऊक होते. मातीच्या भांड्यात घालून तळघरात किंवा दमट खोलीत ठेवल्यास सहा महिन्यांनी ती अधिक मऊ आणि रुचकर होते, असा दिलासा तिने दिला आहे. आकार मात्र हवा तो कापावा किंवा ठशाने उठवावा, अशी मोकळीक होती. पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी अठराव्या शतकात वसलेल्या मोराव्हियन पंथीयांच्या कुकीला आजच्या शुगर कुकीची पूर्वज मानण्याची प्रथा आहे.

चित्र असलेले बिस्किट भेट देण्याची युरोपीय चाल याहून पुष्कळ जुनी आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे मध, मसाले आणि सुका मेवा घातलेली ‘लेबकुखेन’ ही बिस्किटे होतात. १९९६ पासून तिच्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने १४८७ मध्ये त्या शहरातील मुलांना स्वतःची प्रतिमा उठवलेली लेबकुखेन वाटली, असे सांगितले जाते. आपले चित्र प्रजेच्या पोटात घालण्याची ही राजनीती मोठी गमतीदार म्हणायची!

उत्तर क्रोएशियातील ‘लिसितार’ची वाट थोडी निराळी आहे. लाल रंगाने माखलेले हृदयाच्या आकाराचे हे बिस्किट पांढऱ्या नक्षीने सजवतात. मधोमध छोटा आरसा बसवतात, कधी एखादी ओळ लिहितात. प्रेमिकांनी एकमेकांना द्यायचे, लग्नात पाहुण्यांना वाटायचे, असा त्याचा रिवाज. २०१० मध्ये युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु आज लिसितार बहुधा कोणी खात नाही. ते भिंतीवर टांगतात किंवा नाताळच्या झाडाला बांधतात. खाण्याच्या वस्तूची अशी शोभेची वस्तू झाली याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण तेथे देणारा आणि घेणारा दोघांनाही ते ठाऊक असते. शुगर कुकीचे तसे नाही. ती मुलाच्या हातात पडते आणि लगेच तोंडात जाते. तेव्हा सजावटीचा प्रत्येक थर हा खाद्यपदार्थच असला पाहिजे. हे कळायला सोपे असले तरी व्यवहारात त्याचा विसर पडतो; त्याकडे पुढे वळू.

आधी भाजणीविषयी. साधारण पंचवीस-तीस कुकीजसाठी ३७५ ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम बिनमिठाचे लोणी, २०० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडे, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि एक छोटा चमचा व्हॅनिला अर्क घ्यावा. अंडे चालत नसल्यास त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध पुरते. कुकी थोडी अधिक ठिसूळ होते, इतकेच. लोणी व साखर एकजीव होईपर्यंतच फेसावी. केकप्रमाणे फार फेसल्यास मिश्रणात हवा भरते आणि कुकी आधी फुगून मग खचते. अंडे किंवा दूध व अर्क घालून शेवटी मैदा, बेकिंग पावडर व मीठ मिसळावे आणि गोळा जमताच हात थांबवावा. पोळीच्या कणकेसारखे तिंबल्यास कुकी चिवट होते आणि भाजताना आक्रसते.

आकार बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे उष्णता. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणावे’ असे लिहिलेले असते. ती खोली २० अंशांची असते. मे महिन्यातील मुंबईच्या स्वयंपाकघरात तीच सूचना पाळली तर पोळपाटावर गोळ्याऐवजी लापशी मिळेल. म्हणून येथे लोणी दाबल्यावर बोट जेमतेम रुतेल इतपत थंड असावे. तयार गोळा चपटा करून तासभर शीतकपाटात ठेवावा, मग दोन बटर पेपरांच्या मध्ये सुमारे सहा मिलिमीटर जाडीचा लाटावा. कापलेले आकार ट्रेसकट पुन्हा पंधरा मिनिटे थंड करावेत. थंड कुकी तापलेल्या भट्टीत गेली की लोणी वितळून वाहण्याच्या आधीच कडा धरू लागतात. चांदणीची टोके टोकेच राहतात ती यामुळे. ओव्हन १७५ अंशांवर आधी तापवून एका वेळी एकच ट्रे दहा ते बारा मिनिटे भाजावा. कडा किंचित सोनेरी झाल्या आणि मध्यभाग फिकाच दिसला, की बाहेर काढावा. तेव्हा कुकी मऊ लागते. ‘अजून दोन मिनिटे’ हा मोह टाळावा, कारण गार होताना ती आपोआप कडक होते.

लेपासाठी ‘रॉयल आयसिंग’ वापरतात. ४५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि ८० ते ९० ग्रॅम अंड्याचे पांढरे, त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब, एवढेच त्याचे साहित्य. घरी मिक्सरमध्ये केलेली पिठीसाखर वापरायची असेल तर ती अक्षरशः वस्त्रगाळ करावी लागते. एखादा रवाळ कणसुद्धा बारीक नळीत अडकून बसतो. कच्च्या पांढऱ्यामुळे साल्मोनेला जंतूंचा धोका संभवतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना द्यायच्या भेटीत तो पत्करू नये. त्याऐवजी पाश्चराइज केलेले पांढरे किंवा मेरिंग पावडर घ्यावी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील बेकरी-साहित्याच्या दुकानांत अशा वस्तू मिळतात.

अंडे न खाणाऱ्या घरांसाठी एक पर्याय आपल्या डब्यातच असतो. काबुली चणे शिजवलेले दाट पाणी फेसले की पांढऱ्यासारखाच फेस येतो. ज्वेल रोसेल या फ्रेंच गृहस्थांनी २०१४ मध्ये हा गुण जगापुढे आणला आणि पुढल्याच वर्षी त्या पाण्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या छोले शिजवणाऱ्या आपल्या देशाच्या हे लक्षात आले नाही, याची चुटपुट लागते खरी. मीठ न घालता शिजवलेले हे पाणी आटवून पांढऱ्याच्या जागी वापरावे. चण्याचा वास साखरेखाली दडतो.

एकाच लेपाची दोन रूपे लागतात. कडेची रेघ ओढण्यासाठी तो घट्ट हवा आणि आतला भाग भरण्यासाठी पातळ. पातळ लेपाची पारख करण्यासाठी त्यात सुरीने रेघ ओढावी. दहा ते पंधरा आकडे मोजेपर्यंत ती मिटली तर प्रमाण जमले. याहून लवकर मिटली तर लेप कडेवरून ओघळतो, मिटलीच नाही तर पृष्ठभाग खडबडीत राहतो. थेंब-थेंब पाणी घालूनच तो पातळ करावा. पायाचा रंग पूर्ण वाळल्याखेरीज त्यावर अक्षरे काढू नयेत. विशेषतः पांढऱ्यावरचा लाल आणि काळा रंग ओलाव्याने पसरतो आणि ‘अभिनंदन’ वाचता येईनासे होते.

हे वाळणे म्हणजे किनारपट्टीवरील हौशी मंडळींची कसोटीच. कोरड्या हवेत आठ-दहा तास पुरतात. पावसाळ्यात साखर हवेतील ओलावा शोषून घेत राहते आणि लेप वाळतच नाही. प्रस्तुत लेखिकेने एकदा भर जुलैत हा उद्योग केला, तेव्हा तिसऱ्या दिवशीही चांदण्या बोटांना चिकटत होत्या. पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत ट्रे ठेवणे हा त्यातल्या त्यात उपाय. शीतकपाटात मात्र मुळीच ठेवू नये. बाहेर काढताच कुकीवर दव धरते आणि रंग ओघळतात.

आता सजावटीच्या पदार्थांकडे. भारतात ठरावीक खाद्यपदार्थांत, ठरावीक मर्यादेत आठ कृत्रिम रंग वापरण्यास परवानगी आहे. बाटलीवर घटकांची यादी आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक नसेल तर ती घेऊ नये. याहून सावधगिरी हवी ती सोनेरी-चंदेरी चूर्णाबाबत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाल्ल्यानंतर सहा मुलांना उलट्या झाल्या. केकवरील चमकदार थर तांब्याच्या भुकटीचा होता. मिसुरी राज्यात २०१९ मध्ये एका लहान मुलाच्या रक्तात शिसे वाढल्याचे आढळले, त्याचा माग वाढदिवसाच्या केकवरील चूर्णापर्यंत गेला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये ही दोन्ही प्रकरणे प्रसिद्ध केली. अशा डब्यांवर पुष्कळदा ‘विषारी नाही’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ ‘खाण्यायोग्य’ असा होत नाही. शाळेतल्या खडूवरही तेच लिहिलेले असते. ‘खाण्यायोग्य’ हा स्पष्ट उल्लेख आणि घटकांची यादी, दोन्ही नसतील तर चूर्ण दुकानातच राहू द्यावे. मागणीनुसार कुकीज करून घेणाऱ्या ग्राहकानेही हा प्रश्न विचारण्यास संकोचू नये. प्रामाणिक कारागीर डबा दाखवतो.

भेटीचा रिवाज आपल्याला नवा नाही. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, कलकल यांनी भरलेली ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात आणि चतुर्थी-दिवाळीला उलट दिशेने फराळ येतो. घेणाऱ्याला काय चालते, हे त्या शेजाराला सांगावे लागत नाही. समारंभात शंभर अनोळखी हातांत पडणाऱ्या कुकीबाबत मात्र ते लिहिलेच पाहिजे. बाजारातील वेष्टनावर अंडे असलेल्या पदार्थाला तपकिरी त्रिकोणाची खूण असते, शाकाहारी पदार्थाला हिरवा ठिपका. घरगुती पुडीला निदान एक चिठ्ठी बांधावी : अंडे आहे की नाही, सुका मेवा आहे की नाही, आणि कधी केल्या.

पूर्ण वाळलेल्या कुकीज एकेक करून पारदर्शक पिशवीत बंद केल्यास त्या दोन आठवडे टिकतात. डब्यात त्या आडव्या रचाव्यात, दोन थरांमध्ये बटर पेपर घालावा आणि मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद भरावा. प्रवासात तुटते ती टोकदार चांदणी आणि हरणाची शिंगे; कुरिअरने पाठवायचे असल्यास गोल, चौकोनी आणि हृदयाचे आकार निवडावेत. चकली-शेवेच्या डब्याशेजारी त्या ठेवू नयेत, कारण लोणी वास फार लवकर धरते. आणि घरात लहान मूल असेल तर त्याच डब्यात चार-दोन बिनलेपाच्या कुकीजही घालाव्यात. बहुधा आधी त्याच संपतात.