हिमाचा हंगाम

लातूरकडील शेतकऱ्यास आकाशांतून पडणारें बर्फ एकच ठाऊक, तें गारांचें. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत त्यानें उभी रब्बी झोडपून काढली. त्याच प्रांतांतील एखादें सुखवस्तु कुटुंब हिंवाळ्यांत आल्प्सच्या बर्फांत राहण्याचे खर्चिक बेत आखूं लागलें, तर शेजाऱ्यांस नवल वाटावें. पण बर्फाची ही हौस आल्प्समध्येंहि जुनी नव्हे. पूर्वीं तेथें पाहुणे यावयाचे ते उन्हाळ्यांत. हिमानें खिंडी कोंडल्या कीं हॉटेलें ओस पडत. १८६४ सालीं सेंट मॉरिट्झच्या कुल्म हॉटेलचे चालक योहानेस बाद्रुट यांनीं इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली, असें सांगतात : ‘हिंवाळ्यांत या, ऊन न पडल्यास प्रवासखर्च माझा.’ पाहुणे आले, ते वसंतापर्यंत हललेच नाहींत. पुढें १९२८ सालीं तेथें हिंवाळी ऑलिंपिक भरलें. पैज जिंकली मात्र उन्हानें. आणि उन्हाची लातुरास कधीं वाण होती?