बुडण्यापासून बचाव : पळसदरी परिसर

पळसदरी (ता. कर्जत, जि. रायगड) हे कर्जत–खोपोली लोहमार्गावरील कर्जतनंतरचे पहिले स्थानक. बोरघाटाच्या पायथ्याचे हे गाव धरणाचा तलाव आणि पावसाळी धबधबे यांमुळे सहलीसाठी प्रसिद्ध आहे. लोकलने थेट येता येत असल्याने पावसाळ्यात सुटीच्या दिवशी येथे मोठी गर्दी होते. जवळचे आषाणे, सोलनपाडा आणि खोपोलीचा झेनिथ धबधबा यांचीही तीच स्थिती. गर्दीबरोबर बुडण्याचा धोकाही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली.

या पट्ट्यात पाण्याच्या खोलीइतकाच त्याच्या अचानक वाढण्याचा धोका मोठा आहे. पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळतो आणि त्याचा लोंढा खाली उतरतो. तेव्हा पायथ्याशी उघडीप असू शकते. मघाशी घोट्याला लागणारे पाणी गुडघ्याला ओढू लागते आणि शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. पाणी गढूळ होणे, पाला-काटक्या वाहत येणे, ओढ्याचा आवाज वाढणे या खुणा दिसताच सामान तिथेच टाकून काठ गाठावा. मधल्या खडकावर चढून पाणी ओसरण्याची वाट पाहणे जिवावर बेतते. ३० जून २०२४ रोजी घाटावर, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात, एकाच कुटुंबातील ५ जण असेच वाहून गेले. त्यांत लहान मुले होती.

याच परिसरातील पेज नदी पावसाविनाही फुगते. १९२२ पासून चालू असलेल्या भिवपुरी वीजकेंद्राचे पाणी तिच्यात सुटते. म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते आणि वीजनिर्मितीप्रमाणे तिची पातळी बदलते. कोरड्या दगडावर कपडे ठेवून डोहात उतरणाऱ्या पाहुण्याला हे कुणीतरी सांगायला हवे. धरणाच्या तलावाची गोष्ट वेगळी: पाणी संथ, पण तळाला गाळ, आणि काठापासून दोन पावलांवर ठाव सुटू शकतो. तरणतलावात शिकलेले पोहणे येथे पुरेसे ठरेलच असे नाही. पूर्वी गावोगावी मुले पाठीला सुका भोपळा किंवा हवाबंद डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत, आणि शिकवणारे मोठे माणूस स्वतः पाण्यात असे. यातली दुसरी गोष्ट आज जास्त महत्त्वाची आहे.

बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर आले की तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला उसंत मिळत नाही. हात पाणी खाली दाबत राहतात, मान मागे पडते. लांबून पाहणाऱ्याला तो खेळतोय असे वाटते. लहान मूल तर मिनिटभरात दिसेनासे होते. म्हणून फार्महाउसच्या पोहण्याच्या तलावाला चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक असावे. मुलांवर लक्ष ठेवण्याची पाळी एकावेळी एकाच मोठ्या माणसाकडे, नाव घेऊन, सोपवावी. त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल किंवा पेला नसावा. ‘सगळे आहेत ना’ या भरवशावर कुणाचेच लक्ष नसते. समुद्रावर गेल्यास, अलिबाग, काशीदच्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे.

वाचवायला उडी घेणारा अनेकदा दुसरा बळी ठरतो, कारण बुडणारा त्याला मिठी मारतो. काठावरूनच काठी, दोर, गाठी मारलेल्या ओढण्या किंवा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन द्यावा.

बाहेर काढलेल्याला उलटे धरणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे या सवयी घातक आहेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने २ ते ५ श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याने काही तासांनीही धाप लागू शकते.