शरीफ, शरीफजी, सरफोजी : एका नावाचा प्रवास

तुम्ही बेंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहत असाल, तर तुमच्या वस्तीच्या नावात कोणीही व्यक्ती नाही. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांच्या रस्त्याची ती आद्याक्षरे आहेत. बेंगळूर मात्र 1638 नंतर शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीत होते. 'शहाजी' हे नाव आले कुठून, असे विचारले की आपण थेट अहमदनगरला पोचतो.

त्याआधी इंग्लंडमधले एक उदाहरण पाहू. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात वेसेक्सच्या राजवंशाचा मूळपुरुष म्हणून 'सर्डिक' हे नाव येते. सॅक्सनांच्या या पूर्वजाचे नाव सॅक्सन नसावे. ते ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषेतले, म्हणजे जितांच्या भाषेतले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅन्हो' (1819) या कादंबरीत अक्षरांची अदलाबदल करून त्याचे 'सेड्रिक' केले आणि ते नाव एका कट्टर सॅक्सन सरदाराला दिले. 1886 च्या 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय'मधल्या बालनायकाचे नावही सेड्रिकच. कादंबरीतले हे नाव मग खऱ्या बाळांनाही ठेवले जाऊ लागले.

आता भोसल्यांकडे वळू. बखरींतली परंपरा अशी की, मालोजींनी पुत्रप्राप्तीसाठी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली. फारसी 'शाह' आणि अरबी 'शरीफ' यांना आपला 'जी' लागला. नवसाची कथा तपशिलात किती खरी, हा वेगळा प्रश्न. नावे मात्र खरी आहेत, आणि ती ठेवताना मालोजींच्या घराला काही अवघड वाटले नाही.

शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजे दक्षिणेत आले, बेंगळूरला राहिले. त्यांच्या तिथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू'त केले आहे, वि. का. राजवाड्यांनी 1922 मध्ये छापलेला हा ग्रंथ जरूर चाळा. शहाजीराजांचे पुत्र एकोजी (मराठी पुस्तकांतले व्यंकोजी) यांनी पुढे तंजावर घेतले. 1687 मध्ये बेंगळूर भोसल्यांच्या हातून कायमचे गेले. नावे मात्र गेली नाहीत. एकोजींचे तीन पुत्र एकामागून एक तंजावरचे राजे झाले: शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. थोरल्याला आजोबांचे नाव, मधल्याला भातवडीत पडलेल्या चुलत आजोबांचे. 'शरीफजी'चे बोलता बोलता 'सरफोजी' झाले होते.

इथून पुढचा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. संस्कृत आणि तमिळ कवींना 'सरफोजी' या शब्दात अर्थ सापडेना. त्यांनी त्याचा 'शरभोजी', 'शरभेंद्र' केला. शरभ म्हणजे शिवाने धारण केलेले, सिंहालाही जिंकणारे रूप. दुसऱ्या सरफोजींच्या काळात (1798–1832) 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नृत्यनाट्य रचले गेले. कुरवंजीची रीत ठरलेली: मिरवणुकीत राजाला पाहून नायिका झुरते, मग कुरत्ती येते, हात पाहते आणि मीलन होणार असे सांगते. त्या नाट्यातल्या 'शरभेंद्रा'च्या नावामागे नगरचा पीर आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कितींना माहीत असेल?

परीक्षेत किंवा वादात नावावरून कोणाचा धर्म वा वंश ठरवायची वेळ आली, तर आधी हे दोन तपासा: नाव कोणी ठेवले आणि त्याचा अर्थ नंतर कोणी लावला. सर्डिकच्या बाबतीत नाव ठेवणारे आपल्याला सापडत नाहीत. शरीफजींच्या बाबतीत घर, पीर, लढाई आणि पुढच्या दोन शतकांतले वारस असे सगळेच हाताशी आहे. तरीही 'सरफोजी'चा अर्थ शरभाशी जोडून मोकळे होणारे लेखन आढळते. तो अर्थ खोटा नव्हे. तंजावरच्या कवींनी तो खरोखरच लावला. पण तो नंतरचा आहे, आणि त्याने आधीचा अर्थ पुसला जात नाही.

तंजावरला गेलात तर बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेख पाहा. भोसले घराण्याचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजींनीच कोरून घेतला.