शोभेचे मासे आणि तापीचे पाणी

पांडेसरा येथील आपणांपैकी अनेकांची घराणी खानदेशातून तापीच्या वाटेने सुरतेस आली. म्हणून परक्या माशांचा प्रश्न मी नदीच्या अंगाने पाहतो. हे मासे केवळ हौशी मंडळींनीच आणले, असे नव्हे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये गॅम्बुसिया आणला गेला, अन्नासाठी १९५२ मध्ये तिलापिया. उजनी जलाशयात तीच ‘चिलापी’ म्हणून माजली. आफ्रिकन मांगूरवर २००० साली बंदी आली, तीही तो पसरल्यावर. आता काचेच्या पेटीतला सकरही उजनीत सापडतो. (हौस फिटल्यावर मासा नदीत सोडणे, याला आपण भूतदया म्हणतो!) पाळण्यावर सरसकट बंदी मला अमान्य आहे, मात्र धोकादायक जातींची आयात बंदरावरच अडवावी, तापीकाठी नव्हे.