कुन्नूर येथील आहारतुलना
भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या आहारांची आरोग्याच्या दृष्टीने तुलना करणारे प्रयोग. ब्रिटिश वैद्यक रॉबर्ट मॅकॅरिसन (१८७८–१९६०) यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे १९२० नंतरच्या दशकात ते केले. तेथे १९१८ मध्ये बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या लहानशा कक्षातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उदयास आली.

सारख्या परिस्थितीत ठेवलेल्या उंदरांच्या सात गटांना अनुक्रमे शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली व मद्रासी पद्धतीचे अन्न देण्यात आले. शीख आहारावरील उंदरांची वाढ सर्वोत्तम झाली, मद्रासी आहारावरील सर्वांत कमी. मराठा आहार तिसरा ठरला. शीख आहारात अखंड गव्हाच्या पिठाची चपाती, दूध, लोणी, डाळ, भाजीपाला व क्वचित मांस होते. मद्रासी आहाराची मदार सडीक तांदळावर. सडताना व धुताना त्यातील ब१ जीवनसत्त्व बरेचसे निघून जाते आणि ती उणीव भरून काढण्याइतके दूधही त्यात नव्हते. दुसऱ्या एका प्रयोगात पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा व डबाबंद मांस अशा गरीब इंग्रजी आहारावरील उंदीर खुरटले, फुप्फुस व आतड्यांच्या विकारांनी ग्रासले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास दुबळ्या सोबत्यांनाच खाऊ लागले.

शरीरयष्टीतील भेद मुख्यतः अन्नामुळे पडतात, हा मॅकॅरिसन यांचा निष्कर्ष वसाहतकालीन ‘लढाऊ जमाती’च्या कल्पनेस छेद देणारा होता. तथापि उंदरांची वाढ म्हणजे मनुष्याचे दीर्घायुष्य नव्हे. शिवाय कोकणातील भात-मासळी व देशावरील ज्वारीची भाकरी एकाच नावाखाली बसविणेही कठीण. माणसांचाच वर्षानुवर्षे मागोवा घेणारी व्यापक तुलना अँसेल कीझ यांच्या सात देशांच्या अभ्यासात (१९५८ पासून) हाती घेण्यात आली.